छिन्नी धरणारी

छिन्नी धरणाऱ्यानं घणाकडे बघायचं नसतं. खाणीत नव्यानं उतरणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच. छिन्नी दगडावर उभी करायची, दोन्ही मुठींत आवळायची, मान खाली घालायची आणि ती दगडात शिरते तिथं नजर लावून बसायचं. वरून घण येतो, मनगटापासून दाढेपर्यंत सणक जाते, की छिन्नी जराशी फिरवायची आणि पुन्हा आवळायची. घण मारणाऱ्यानं छिन्नीच्या डोक्यावरून नजर काढायची नाही. ज्यानं त्यानं आपापलं बघायचं. यात चुकारपणा झाला तर घणाला काय, दगड आणि बोट त्याला सारखंच.

बाप गेला तेव्हा घण थोरल्याकडे आला आणि छिन्नी धाकट्याकडे. कुणी कुणाला विचारलं नाही. दोघा भावांची जोडी खाणीत नावाजलेली होती. थोरला अंगानं दांडगा, तोंडानं फटकळ. बायको बाळंतपणात गेल्यापासून तो हसायचा म्हणून राहिला नव्हता, आणि ज्याच्या घरात हसणं संपतं त्याचा हात लवकर उठतो. धाकटा आपला सडपातळ, गप्प. पण त्याच्या मुठीत छिन्नी रोवल्यासारखी उभी राहायची. घण कितीही जोरात पडला तरी केसभर हलायची नाही.

हाच हात त्याला नडला. स्टुडिओवाला एकदा खाणीत आलेल्या नव्या यंत्राचे फोटो काढायला शहरातून आला होता आणि त्याचा माणूस ऐन वेळी आजारी पडला होता. दिवा धरायला कुणी आहे का, म्हणून त्यानं विचारलं. मुकादमानं धाकट्याला पुढे ढकललं. धाकट्यानं तो जड दिवा असा धरला की स्टुडिओवाला कॅमेरा खाली करून बघतच राहिला. "हात आहे का खांब?" तो म्हणाला. पुढे सुट्टीच्या दिवशी तो धाकट्याला लग्नाकार्यांना बरोबर नेऊ लागला, आणि एक दिवस त्यानं एक जुना, कडेला चिरलेला कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला. त्या दिवसापासून धाकट्याचं खाणीतून चित्त उडालं ते उडालंच.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला तरी खालचा थर फुटला नव्हता. पाऊस पडला की खाणीत पाणी भरतं आणि काम बंद. मुकादम रोज येऊन जोडीच्या डोक्यावर उभा राहायचा. पावसाआधी थर मोकळा झाला नाही तर पुढच्या हंगामाला दुसरी जोडी आणीन, असं त्यानं चारचौघांत सुनावलं होतं. आणि नेमक्या अशा वेळी, दुपारी पाणी प्यायला थांबले असताना, धाकटा म्हणाला, "दादा, मी उद्यापासून येत नाही."

"बरं नाही का?"

"बरा आहे. फोटोचं काम धरतोय. कायमचं."

थोरल्यानं तांब्या खाली ठेवला. उठला, आणि त्यानं धाकट्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली की तो दगडाच्या चुरीत पालथा पडला. उठू लागला तर बरगडीत लाथ. आजूबाजूचे घण थांबले. सुरुंगांनी कान गेलेला एक म्हातारा खाणीत होता, त्याला सगळे बहिरा म्हणत. तो वरच्या टप्प्यावरून ओरडला, "काय झालं? साप निघाला का?"

"साप कसला, साहेब निघाला! फोटो काढणार म्हणे!" थोरला ओरडून म्हणाला, आणि सगळी खाण खिदळली. लाथेपेक्षा ते हसणं धाकट्याला जास्त लागलं.

संध्याकाळी घरात तोच तमाशा पुन्हा झाला. थोरल्यानं त्याला मानगुटीला धरून भिंतीवर आपटलं. आई मध्ये पडली तर तिलाही धक्का बसला, ती भांड्यांत जाऊन पडली.

"घण मी मारतो. धरायला कोण? बोल! तू लोकांची तोंडं टिपत फिर, आणि इथं छिन्नी कोण धरणार? तुझी बायको बसव जा!"

हे तो अपमान करायला म्हणाला होता. बाईनं छिन्नी धरल्याचं त्या खाणीत कुणी पाहिलं नव्हतं. पण धाकट्याची बायको चुलीपुढून उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बसते मी."

"तू गप्प बस गं," धाकटा ओठाचं रक्त पुसत म्हणाला.

"गप्प का बसू? तुम्हाला जायचंय ना? मग जा. मी धरते." आणि मग थोरल्याकडे न बघता, "पाऊस पडेपर्यंत धरते, भाऊजी. तोवर यांना जमलं तर जमलं. नाही जमलं तर हे परत येतील आणि पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढणार नाहीत. चालेल?"

थोरला हसल्यासारखं करून म्हणाला, "पहिल्या दिवशी पळून येशील."

ती पळून आली नाही. थोरल्यानं पहिल्या दिवशी मुद्दाम दणकून घण मारला, असं खाणीतले लोक सांगत. तिचे तळवे फुटले, मनगटं सुजली, घरी आल्यावर तिला तांब्या उचलता येईना. सासूनं तिला हातानं भरवलं. धाकटा शेजारी बसून तिची बोटं कोमट पाण्यात धरायचा आणि त्याला स्वतःची लाज वाटायची. मी मोकळा झालो तो हिच्या हातांवर, हे त्याला घास गिळतानासुद्धा विसरता येत नव्हतं.

"तुमचं कसं चाललंय?" ती विचारायची.

"बरं चाललंय."

कुठलं बरं! कॅमेरा धरणं आणि फोटो काढणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे त्याला शहरात कळत होतं. एका लग्नात तो नवरा-नवरीच्या पुढे आला म्हणून नवऱ्याच्या काकानं त्याची कॉलर धरून त्याला खुर्च्यांवर ढकललं. एका कारखान्यात त्याला चपला बाहेर काढायला लावल्या आणि आत तापलेल्या पत्र्यावर उभं केलं. हे सगळं तो सोसत होता. पण स्टुडिओवाल्यानं एक दिवस त्याचे सगळे फोटो पडद्यावर ओळीनं लावले आणि कपाळाला हात लावला.

"अरे, तुझ्या फोटोत कुणाला तोंडच नाही! हा बघ, हा बघ. सगळे मान खाली घातलेले. हमालाची मान खाली, नवरीची मान खाली. तुला माणसाचं तोंड बघायची भीती वाटते का?"

धाकट्याचं आयुष्य खाली बघण्यात गेलेलं. त्याला माणसाचे हात दिसायचे, पाठ दिसायची, काम दिसायचं. तोंड राहून जायचं.

"हे बघ," स्टुडिओवाला म्हणाला. "दगडाच्या कंपनीला त्यांच्या नव्या कचेरीत अख्ख्या भिंतीएवढा फोटो लावायचाय. खाणीतली जोडी, घण आणि छिन्नी. तुझ्याइतकं ते कुणाला माहीत आहे? जा, घेऊन ये. पण तोंड दिसलं पाहिजे. वर बघायला लाव त्यांना. तो फोटो आणलास तर तुला कायमचा ठेवतो. नाही आणलास तर तुझा तू मोकळा."

पश्चिमेला ढग धरू लागले होते. मुदत संपत आली होती. धाकटा दुसऱ्या दिवशी सकाळीच खाणीत उतरला.

त्याला बघून थोरला थुंकला. "आला का साहेब? बायको राबतेय ते बघायला?"

"दादा, एक फोटो पाहिजे. तू नुसता घण उचलून धर, ती छिन्नी धरून वर बघेल. पळभराचं काम आहे."

"सोंग करायला मला वेळ नाही. थर राहिलाय. काम चालू राहील, काढायचा तर काढ."

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं डोक्याला फडकं घट्ट बांधलं होतं, पाय पसरून ती दगडावर बसली होती, छिन्नी दोन्ही पायांच्या मध्ये. इतक्या दिवसांत तिची मूठ त्याच्यासारखीच पक्की झाली होती. ती म्हणाली, "काढा तुम्ही. माझं लक्ष आहे."

तो समोरच्या शिळेवर पालथा पडला. ऊन तिरपं होतं, धूळ सोन्याची झाली होती. थोरल्याचा घण वर जात होता, खाली येत होता. ठण्ण. ती छिन्नी फिरवत होती. ठण्ण. धाकटा फोटो काढत होता, आणि कॅमेऱ्यात दरवेळी तिच्या डोक्याचं फडकंच येत होतं. तोंड नाही. पुन्हा काढला. तोंड नाही. हा फोटो गेला की सगळं गेलं, पुन्हा छिन्नी, पुन्हा मरेपर्यंत दगडाचं टोक, हे त्याच्या डोक्यात घणासारखंच वाजत होतं. कॅमेऱ्याच्या चौकटीत त्याला फक्त तिचं डोकं दिसत होतं. बाकी खाण, घण, भाऊ, बारा वर्षांचं शिकलेलं, सगळं त्या चौकटीबाहेर राहिलं.

"अगं," तो म्हणाला. "वर बघ ना जरा. एकदाच."

तिनं वर पाहिलं. नवऱ्यानं बोलावलं म्हणून पाहिलं, आणि पाहून हसली. त्यानं बटण दाबलं.

त्यानंतर जो आवाज आला तो लोखंडाचा नव्हता.

ती लगेच ओरडली नाही. तिनं हाताकडे पाहिलं. उजवा हात दगडावर होता आणि त्याला हात म्हणावं असं थोडंच उरलं होतं. रक्त दगडाच्या पिठात शिरून काळं होत होतं. मग ती ओरडली, आणि ती किंकाळी बहिऱ्यालाही ऐकू गेली असावी, कारण सगळ्यांत आधी तोच धावत आला. धाकट्यानं सदरा फाडून हात बांधला. दगडाच्या ट्रकमध्ये तिला घातलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ती त्याच्या दंडाला चावत होती आणि तो चावू देत होता.

दवाखान्यात तिची मधली तिन्ही बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली.

डॉक्टरनं हे सांगितलं तेव्हा थोरला दाराशी उभा होता, अंगावर तेच रक्ताचे शिंतोडे. त्यानं धाकट्याला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. गळ्यातला कॅमेरा हिसडा मारून तोडला आणि कुंपणापलीकडे भिरकावला. मग मारायला सुरुवात केली. मुठीनं मारलं, गुडघ्यानं मारलं, पडल्यावर तिथं पडलेल्या पाण्याच्या पाइपानं मारलं. खाणीतले लोक गोळा झाले होते, पण कुणी सोडवलं नाही.

"वर बघ म्हणालास! धरणाऱ्याला वर बघ म्हणालास! बारा वर्षं काय दगड धरत होतास का रे? तुझ्या फोटोपायी हात घालवलास तिचा! माझ्या घणानं घालवलास!"

हे बोलताना थोरल्याचा आवाज फुटला. मग त्यानं आणखी जोरात मारलं. धाकट्यानं हात वर केला नाही. त्याच्या तोंडातून एक दात पडला, तो त्यानं थुंकून टाकला आणि म्हणाला, "उद्यापासून मी धरतो, दादा."

मोडलेली बरगडी फडक्यानं आवळून तो खरंच दुसऱ्या दिवशी छिन्नी धरून बसला. कॅमेऱ्याचं त्यानं नाव काढलं नाही. तो कुठं पडला, कुणी उचलला, हेही विचारलं नाही. थोरला घण असा मारायचा की जणू खाली दगड नाहीच, भाऊ आहे. एकदा घण निसटून छिन्नीच्या कडेवर बसला, कपची उडाली आणि धाकट्याच्या भुवईत शिरली. डोळ्यात रक्त उतरलं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि मान खालीच ठेवली. मुकादम बघून गेला. "आता कशी जोडी जमली," तो म्हणाला.

घरी ती दवाखान्यातून आली होती. हात पांढऱ्या पट्ट्यांत, छातीशी धरलेला. डाव्या हातानं जेवायला शिकत होती, सांडत होती, आणि सासू भरवायला आली की तोंड फिरवत होती. धाकट्याला ती काही बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "मी वर पाहिलं. माझं लक्ष आहे म्हणाले होते आणि पाहिलं."

"मी सांगितलं म्हणून पाहिलंस."

"हो," ती म्हणाली. "तेही आहेच."

पाऊस आज येतो की उद्या, अशी एक दुपार होती. वारा सुटल्यामुळे मुकादमानं सुरुंग थांबवले होते आणि माणसं घरी सोडली होती. थोरला मागच्या अंगाला अंघोळ करत होता. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि स्टुडिओवाला उतरला, बगलेत कागदाची भलीमोठी गुंडाळी.

"अरे, आहेस कुठं तू? तुमचा तो बहिरा म्हातारा कॅमेरा घेऊन आला. म्हणाला, कुंपणापाशी पडला होता, ज्याचा त्याला दिला. कॅमेरा गेला कामातून, पण आतलं कार्ड शाबूत आहे. हे बघ काय काढून ठेवलंयस!"

त्यानं अंगणातल्या बाजेवर कागद उलगडला. धाकटा वाकला.

मधोमध ती होती. मान वर, फडक्याखाली घामेजलेलं कपाळ, आणि हसणं. दोन्ही मुठी छिन्नीवर, उजवी वर, डावी खाली. दाही बोटं. आणि तिच्या मागे, घण डोक्यावर नेलेला थोरला. त्याचीही मान वर होती. छाती पुढे काढलेली, पोट आत ओढलेलं, हनुवटी उचललेली. त्याची नजर छिन्नीच्या डोक्यावर नव्हती. तो सरळ कॅमेऱ्यात बघत होता. ओठांच्या कोपऱ्यात, कितीतरी वर्षांनी, हसू होतं.

धाकट्याला एकदम राग आला, असा की हात कापू लागले, जे हात कधी कापले नव्हते. त्याच्यामागोमाग दुसरंच काही आलं आणि त्यानं घाईघाईनं कागद गुंडाळायला घेतला.

"हा फोटो द्यायचा नाही."

"वेडा आहेस का? कंपनीला दाखवलासुद्धा! तुझी जागा पक्की झाली. सोमवारी ये."

"द्यायचा नाही म्हणतो ना! फाडून टाकतो."

तेवढ्यात थोरला ओल्या अंगानं पुढे आला. त्यानं स्टुडिओवाल्याला पाहिलं, धाकट्याच्या हातातली गुंडाळी पाहिली, आणि त्याचे डोळे लाल झाले.

"तो फोटो? अजून जपून ठेवलास?"

"दादा, तू आत जा."

"आण इकडे! तिच्या हाताचा फोटो विकतोस? आण!"

धाकट्यानं गुंडाळी पोटाशी धरली आणि तो तिच्यावर गुडघे मुडपून पालथा पडला. थोरल्यानं कुदळीचा दांडा उचलला. पहिला घाव पाठीवर बसला, दुसरा त्याच मोडक्या बरगडीवर. स्टुडिओवाला "अहो, अहो" करत मध्ये गेला आणि त्याच्या खांद्यावर एक बसल्यावर बाजूला झाला. आई दारात उभी राहून रडत होती. धाकटा मातीत तोंड खुपसून मार खात होता. एकदा कागद उघडून दाखवला असता तर मार थांबला असता. तो आवळूनच पडला.

"सोडा त्यांना."

ती बाहेर आली होती. थोरला दांडा उगारलेला तसाच थांबला. ती नवऱ्याजवळ खाली बसली आणि डाव्या हातानं गुंडाळी ओढू लागली.

"नको," धाकटा म्हणाला. "तू बघू नकोस."

"माझा हात आहे त्यात. मी नाही बघायचं तर कुणी बघायचं?"

त्यानं सोडली. तिनं एक कड गुडघ्याखाली दाबली आणि डाव्या हातानं कागद पसरला. ती बराच वेळ बघत होती. आधी स्वतःच्या मुठीवर बोट फिरवलं, उजव्या हाताच्या एकेका बोटावरून. मग तिचं बोट वर सरकलं आणि थांबलं. तिनं नवऱ्याच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. तो का आवळून पडला होता ते तिला कळलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज नेहमीचाच राहिला.

"हे सोमवारी येतील," ती स्टुडिओवाल्याला म्हणाली. "आणि फोटो द्या त्यांना. पण अख्खा लावायचा. कुणालाही कापायचं नाही."

"आणि छिन्नी?" थोरला ओरडला. "मी काय एकट्यानं घण मारू? धरणार कोण?"

तिनं उठून फोटो त्याच्यासमोर धरला. वाऱ्यानं कागद फडफडत होता म्हणून तिनं खालची कड पट्टी बांधलेल्या हातानं दाबली, दुखत होतं तरी दाबली.

थोरला बघत राहिला. दांडा हातातून कधी पडला ते त्याला कळलं नाही.

"छान आलाय हो भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा फोटो."

तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिनं फोटो त्याच्यासमोरून हलवला नाही.